घरात दमेकरी आहे आणि नातू शिंकतोय: पहिल्या तीन दिवसांत काय करायचं

आमच्याकडे सर्दी कायम एकाच रस्त्याने येते. धाकटा शाळेतून आणतो, सोमवारी त्याचं नाक गळायला लागतं, बुधवारी माझा घसा धरतो आणि शनिवारपर्यंत ती आईपाशी पोचते. आमची सर्दी पाच-सहा दिवसांत आपोआप जाते, आईची खरी तिथून सुरू होते. तिला सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होत जाण्याचा फुफ्फुसांचा जुना आजार. ती स्वतः "माझा दमा" म्हणते, गावाकडे सगळेच तसं म्हणतात, मीही वर दमेकरी लिहिलंय ते त्याच अर्थाने, डॉक्टर मंडळींनी रागावू नये. विडी-सिगारेटला बाईने आयुष्यात हात लावला नाही, पण सातारच्या बाजूला चाळीस वर्षं चुलीपुढे बसली, गोवऱ्या, तुराट्या, पावसाळ्यात ओलं सरपण, आणि सकाळी तव्यावर मशेरी भाजायची तो धूर वेगळाच. गॅस घरात आला तोवर फुफ्फुसांचं व्हायचं ते होऊन गेलं होतं.

तीन वर्षांपूर्वी श्रावणात अशीच धाकट्याची सर्दी आईला लागली आणि आम्ही सहा दिवस "साधी सर्दी आहे, व्हायरल चालू आहे सगळीकडे" असं म्हणत बसलो. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून खोकला थांबवायचं सिरप आणलं, दिलं, खोकला खरंच कमी झाला आणि आम्ही खूश. कफ आत साचत होता. सातव्या रात्री दोन वाजता ती पलंगाच्या कडेला दोन्ही हात टेकवून पुढे वाकून बसलेली, मी विचारलं आई पाणी देऊ का, तर "हो" म्हणायलाही तिला दोन श्वास लागले. मग अ‍ॅडमिट, नाका-तोंडावर बायपॅपचा, म्हणजे दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणाऱ्या मशीनचा मास्क, पाच दिवस. घरी आली तेव्हा तिसऱ्या मजल्यावर तिला खुर्चीत बसवून वर आणावं लागलं, आणि त्याआधी ती तोच जिना एकदा थांबून चढायची.

त्या वेळी छातीच्या डॉक्टरांनी जे सांगितलं, आणि नंतर आम्ही चुकत-माकत जे शिकलो, ते इथे लिहिते. मी डॉक्टर नाही. औषधाचं नाव, डोस हे तुमच्या पेशंटसाठी तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं, मी फक्त कशाला कधी हलायचं ते सांगतेय.

आत नेमकं काय होतं

हे समजलं की पुढचं सगळं आपोआप पटतं, म्हणून जरा लांबण लावते.

सीओपीडीत श्वासनळ्या आधीच अरुंद आणि सुजलेल्या असतात. आपल्या नळीला व्हायरसमुळे थोडी सूज आली तर आपल्याला कळतही नाही, पण आधीच निम्म्यावर आलेल्या नळीला तेवढीच सूज आली तर उरलेली वाटच बंद व्हायला लागते, वर चिकट कफ. मोरीत आधीच केस अडकलेत आणि त्यात तुम्ही भाताची पेज ओतली, तसं. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली) त्रास हवा आत घ्यायचा कमी आणि बाहेर सोडायचा जास्त असतो. जुनी हवा बाहेर जात नाही, छाती फुगलेलीच राहते, आणि त्या फुगलेल्या छातीत पुढचा श्वास कोंबायचा असतो. तुमची स्वतःची तब्येत ठणठणीत असेल तर हे करून बघा: छाती भरून श्वास घ्या, सोडू नका, आणि त्याच्याच वर छोटे छोटे श्वास घेत वीस सेकंद काढा. मी डॉक्टरांच्या केबिनमध्ये केलं, बाराव्या सेकंदाला सोडून दिलं. त्यानंतर मी आईला "घाबरू नकोस, शांत श्वास घे" असलं काही कधी बोलले नाही.

असा त्रास एकदम वाढतो त्याला डॉक्टर एक्झॅसर्बेशन म्हणतात, आपण दम उठला म्हणतो. जगभरात दम उठण्याच्या निम्म्याच्या आसपास प्रकरणांमागे श्वसनाचे व्हायरस सापडतात. त्यात नंबर एकला आपली साधी सर्दी करणारा रायनोव्हायरस, ज्याचे दीडशेच्या वर प्रकार आहेत त्यामुळे एकदा झाला म्हणून सुटका नाही. मग इन्फ्लुएन्झा म्हणजे फ्लू, आरएसव्ही, कोरोना, आणखी चार-पाच. कोविडच्या लॉकडाऊनमध्ये एक उलटंच झालं, बऱ्याच देशांत सीओपीडी उठल्यामुळे होणाऱ्या अ‍ॅडमिशन्स जवळजवळ निम्म्यावर आल्या. मास्क, शाळा बंद, गर्दी नाही, प्रदूषण कमी, सगळ्याचाच हात असेल, पण सर्दीचे व्हायरस फिरलेच नाहीत हे त्यातलं मोठं कारण. आमच्या आईचं २०२० चं अख्खं वर्ष दम न उठता गेलं, तेव्हा आम्हाला वाटलं काढा लागू पडला.

दुसरी गोष्ट, व्हायरस एकटा येत नाही. लंडनमध्ये संशोधकांनी स्वयंसेवकांना मुद्दाम रायनोव्हायरसची सर्दी लावून बघितली होती. सीओपीडीवाल्यांपैकी सुमारे ६० टक्के लोकांच्या बेडक्यात नंतर बॅक्टेरिया वाढलेले सापडले, ज्यांना सीओपीडी नाही त्यांच्यात हेच प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास. आणि ते बॅक्टेरिया लगेच नाही, सर्दी ओसरायला आली की मागून आठवड्या-दोन आठवड्यांनी. म्हणून "नाक तर आता कोरडं झालं" यावर जाऊ नका. नाक बरं होतं आणि छाती बिघडत जाते, आमचं तेच झालं होतं.

तब्येत चांगली असताना करायची कामं

खरी गाईड इथेच आहे, बाकीचं नंतर.

पेशंटचं "नॉर्मल" काय ते लिहून फ्रिजवर लावा. आमच्या कागदावर आहे ते असं: बसून ऑक्सिजन ९२ ते ९३. रोज सकाळी बेडका पडतो, पांढरा, चमचाभर. झोपायला दोन उशा. स्वयंपाकघर ते गॅलरी न थांबता. पायाला सूज नाही. हे कशाला, तर आजारी पडल्यावर कुणीही विचारलं की "आधी किती असायचं?" तर त्याचं उत्तर पाहिजे. माझ्या भावाने एकदा पुण्याहून आल्या आल्या ऑक्सिमीटर लावला, ९२ बघून धावपळ सुरू केली, आणि आई म्हणते "अरे बाळा, माझं तेवढंच असतं, तू आधी चहा घे."

ऑक्सिमीटर लावायची पण रीत आहे. पाच मिनिटं शांत बसू द्या, बोट गार असेल तर चोळून गरम करा, नेलपॉलिश काढा, आणि लावल्यावर आकडा स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबा. चालून आल्या आल्या लावून घाबरू नका. सावळ्या-काळ्या रंगाच्या कातडीवर ही मशीन कधीकधी खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवते, म्हणून आकडा बरा आहे पण माणूस बरा दिसत नाही, तर माणसावर विश्वास ठेवा.

डॉक्टरांकडून एक कागदी प्लॅन लिहून घ्या, तोंडी नको. दम उठायला लागला तर रिलीव्हर इनहेलरचे, म्हणजे लगेच आराम देणाऱ्या इनहेलरचे, किती पफ, किती तासांनी, किती वेळा करूनही फरक नाही पडला तर कुठे जायचं. काही पेशंटना डॉक्टर घरात ठेवायला स्टेरॉइड आणि अँटिबायोटिकच्या गोळ्यांचा छोटा कोर्स देतात, कधी सुरू करायचा ते समजावून. सगळ्यांना देत नाहीत आणि ते बरोबरच आहे. आम्हाला दुसऱ्या अ‍ॅडमिशननंतर दिला, त्याच्या पाकिटावर मी मार्करने "फोन केल्याशिवाय उघडू नये" लिहून ठेवलंय, कारण आमचे बाबा उत्साही आहेत.

इनहेलर नीट घेता येतो का ते एकदा स्वतः बघाच. आईच्या गावच्या एका मावशी रोटाकॅपची कॅप्सूल, जिच्यातली पावडर उपकरणात घालून श्वासाने ओढायची असते, वर्षभर पाण्याबरोबर गिळत होत्या. हसू नका, छातीच्या डॉक्टरांना विचारा, हे नेहमीचं आहे. अजून एक, रोटाहेलरसारख्या पावडरच्या उपकरणात औषध स्वतःच्या दमाने जोरात ओढावं लागतं, आणि दम उठलेल्या माणसाकडे नेमका तोच जोर नसतो. म्हणून अडचणीच्या वेळेसाठी पंप (दाबून फवारा उडतो तो इनहेलर) आणि स्पेसर (पंपाला लावायची प्लास्टिकची पोकळ नळी) घरात असावा. पंप हलवायचा, स्पेसरला लावायचा, श्वास पूर्ण सोडायचा, एक पफ दाबायचा, तोंडाने सावकाश आत ओढायचा, जमेल तेवढा, दहापर्यंत मोजत धरायचा. धरवत नसेल तर स्पेसरमध्येच चार-पाच साधे श्वास घ्यायचे. मग अर्धा-एक मिनिट थांबून दुसरा पफ. दोन पफ एकदम मारायचे नाहीत, आमच्याकडे "लवकर आटपू दे" म्हणून तेच चालायचं. स्पेसर महिन्यातून एकदा साबणाच्या पाण्यात बुडवायचा आणि फडक्याने न पुसता तसाच वाळू द्यायचा, पुसला की आत स्टॅटिक तयार होतं आणि औषध प्लास्टिकलाच चिकटून बसतं. स्टेरॉइडवाल्या इनहेलरनंतर चूळ भरून टाकायची, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात.

आणि लस. फ्लूची दर वर्षी घ्यायची असते. महाराष्ट्रात फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते आणि छोटी जानेवारी ते मार्चच्या सुमारास, त्यामुळे एप्रिल-मे मध्ये घेतलेली बरी, कारण अंगात तयारी व्हायला दोनेक आठवडे जातात. दिवाळीत घेण्यात आपल्याकडे तसा अर्थ नाही, तो अमेरिका-युरोपचा हिशोब आहे. घेताना लस त्याच वर्षीची आहे ना आणि एक्स्पायरी काय तेवढं बघा. पुणेकरांना फ्लू काय असतो ते वेगळं सांगायला नको, ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू इथेच झाला, नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा, शाळा-थिएटरं बंद, तोंडाला रुमाल. न्यूमोकोकल, म्हणजे न्यूमोनियाच्या एका बॅक्टेरियावरची लस वेगळी, तीही डॉक्टरांना विचारून घ्या. लस घेतली की सर्दी होणार नाही असं कुणी सांगितलं तर खरं नाही, रायनोव्हायरसवर लसच नाहीये. फ्लूची लस काय करते, तर फ्लू झालाच तर हॉस्पिटलपर्यंत जायची वेळ बऱ्याचदा टाळते.

पहिला दिवस: अजून फक्त नाक गळतंय

घरात कुणीही शिंकलं की आजीपासून लांब. म्हणायला सोपं आहे. आमच्याकडे आजी-नातू एकाच गोधडीत झोपतात, मी त्याला दुसऱ्या खोलीत पाठवलं तर आई म्हणते, "अगं पोरानं काय गुन्हा केलाय का?" शेवटी तडजोड अशी निघाली की चार दिवस गोष्ट दारातून सांगायची, तो उंबऱ्याबाहेर मास्क लावून, ती आत पलंगावर, खिडकी उघडी. टीव्हीचा रिमोट आणि मोबाइल हे दोन सगळ्यात घाण, ते पुसायचे. हात साबणाने. भांडीकुंडी वेगळी ठेवायचा सोहळा करू नका, एकाच हवेत बंद खोलीत तासन्‌तास बसणं जास्त बाधतं.

आईला पहिली शिंक आली, घसा खवखवला की त्याच दिवशी तारीख कागदावर लिहायची. नेहमीचे इनहेलर एकही वेळ चुकवायचा नाही, उलट लोक सर्दीत "आधीच औषधं जास्त झालीत" म्हणून तेच बंद करतात. सकाळ-संध्याकाळ ऑक्सिजन, ताप आणि श्वास मोजायचे. श्वास मोजताना तिला सांगायचं नाही, नाडी बघतोय असं दाखवून मिनिटभर छाती-पोट वरखाली किती वेळा होतं ते बघायचं. सांगितलं की माणूस श्वास बदलतो.

ताप एकदम चढला, अंग मोडून आलं, थंडी वाजली, तर ते फ्लू असू शकतं आणि तिथे थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर. ओसेल्टामिव्हिर, म्हणजे लोक टॅमीफ्लू म्हणतात ते, लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू झालं तर सगळ्यात जास्त उपयोगी. फुफ्फुसाचा जुना आजार असलेल्यांना डॉक्टर कधीकधी रिपोर्टची वाट न बघताही ते देतात. तिसऱ्या दिवशी जाऊन "काल आलो असतो पण रविवार होता" म्हणण्यात अर्थ नाही.

दुसरा-तिसरा दिवस: रोज तीन प्रश्न

डॉक्टर १९८७ पासून हेच तीन प्रश्न वापरतायत. दम नेहमीपेक्षा जास्त लागतोय का? बेडका नेहमीपेक्षा जास्त पडतोय का? आणि बेडक्याचा रंग बदललाय का, पांढऱ्याचा पिवळा-हिरवा झालाय का? एकाचंही उत्तर "हो" आलं की फोन. दोन किंवा तीन "हो", त्यात रंग बदललेला, तर बॅक्टेरियाची शक्यता वाढते आणि डॉक्टर अँटिबायोटिकचा विचार करतात. नुसतं नाक गळतंय, बेडका पांढराच आहे, तर अँटिबायोटिक मागू नका. व्हायरसवर ते चालत नाही, आणि दर सर्दीला खाल्लं की ज्या दिवशी खरंच लागेल त्या दिवशी ते चालेनासं होतं. घरात उरलेल्या पाच गोळ्या तर नकोच नको.

बेडका बघायचा म्हणजे बघायचा. आमची आई बेसिनमध्ये थुंकून नळ सोडायची, लाजायची. आता पांढरा टिश्यू देतो, त्यावर रंग कळतो, मग पिशवीत गुंडाळून कचऱ्यात. रक्ताची रेघ दिसली तर लगेच कळवायचं.

दम वाढला असेल तर डॉक्टर बहुतेक वेळा स्टेरॉइडच्या गोळ्यांचा साधारण पाच दिवसांचा कोर्स देतात. स्टेरॉइड म्हटलं की आपल्याकडे लोक कानावर हात ठेवतात. पाच दिवसांचा कोर्स वेगळा आणि वर्षानुवर्षं कुठल्या तरी पुड्यांमधून नकळत पोटात जाणारं स्टेरॉइड वेगळं. डायबेटिस असेल तर मात्र साखर जबरदस्त चढते, ती त्या आठवड्यात रोज तपासा. रिलीव्हरने हात थरथरतात, छातीत धडधडतं, तेही आधी माहीत असलं की माणूस घाबरून औषध सोडत नाही.

खोकला दाबायचं सिरप नको, हे मी आता लोकांना बसमध्येसुद्धा सांगते. कफ बाहेर पडायलाच पाहिजे. आणि झोपेची गोळी तर अजिबात नाही, रात्रभर झोपली नाही म्हणून कीव येते हे खरं, पण त्या गोळीने श्वास मंदावतो, अंगात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि सकाळी माणूस उठतच नाही नीट.

काढा, वाफ वगैरे

हळद-दूध द्या, आल्याचा चहा द्या, गरम पाणी प्यायला द्या, घशाला बरं वाटतं आणि पाणी पोटात जातं. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं असेल, हृदयाचा त्रास आहे म्हणून, तर तेच पाळायचं. ज्येष्ठमध मात्र दिवसभर चघळायला देऊ नका, जास्त झालं की पोटॅशियम उतरतं, बीपी वाढतं, आणि दम्याची औषधं आणि स्टेरॉइड दोन्हीही पोटॅशियम उतरवतात, एकावर एक तीन. वाफेने काहींना मोकळं वाटतं, काहींना त्या दमट हवेत जास्त घुसमटतं, आईला घुसमटतं. आणि उकळत्या पातेल्यावर टॉवेल घेऊन थरथरत्या हाताच्या म्हातारीला बसवायचं म्हणजे भाजण्याची खात्रीच. ओव्याची धुरी, धूप, कापूर बंद. मच्छरची कॉइल तर बाराही महिने बंद, एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण बाहेर पडतात असं मोजलं गेलंय. मच्छरदाणी लावा. छातीला व्हिक्स चोळून बरं वाटत असेल तर चोळा, पण नाकात घालू नका.

जेवण थोडं थोडं, पाच वेळा. पोट तुडुंब भरलं की ते वरती छातीचा पडदा ढकलतं आणि दोन घासांत धाप लागते. आमच्याकडे मऊ भात, मुगाचं वरण, अंडं, केळं.

दम लागलाय आणि डॉक्टर येईपर्यंतची दहा मिनिटं

उताणं झोपवू नका. खुर्चीत बसवा, पुढे टेबल, टेबलावर उशी, उशीवर दोन्ही कोपर, खांदे सैल. पंखा तोंडावर, हळू. मग ओठांचा चंबू करून श्वास सोडायचा: नाकाने आत, मनात दोन मोजत, आणि चंबूतून बाहेर, चार मोजत. आईला हे फिजिओथेरपिस्टने चार वेळा समजावलं आणि जमेना, शेवटी मी म्हटलं आई, फुंकणी धर आणि निखारा फुलव, पण हळू, राख उडू देऊ नकोस. एका फटक्यात जमलं. ज्या फुंकणीने चाळीस वर्षं धूर दिला तिनेच. ओठ अरुंद केले की आतल्या नळ्या जरा जास्त वेळ उघड्या राहतात आणि अडकलेली हवा बाहेर येते, एवढंच त्यातलं तंत्र. त्याच वेळी स्पेसरमधून रिलीव्हर, प्लॅनमध्ये लिहिलंय तसा. आणि खोलीत चारच्या वर माणसं नकोत, सगळे आपल्यालाच बघतायत म्हटल्यावर कुणाचाही श्वास चढेल.

ऑक्सिजनबद्दल, हे नीट वाचा

घरी कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे ऑक्सिजन देणारं मशीन असेल तर कोविडपासून सगळ्यांना सवय लागलीय, आकडा ९८ करायचा. सीओपीडीत ते धोक्याचं आहे. दम उठलेल्या सीओपीडी पेशंटसाठी साधारण लक्ष्य ८८ ते ९२ असतं, जास्त ऑक्सिजन कोंबला तर काही पेशंटमध्ये कार्बन डायऑक्साइड चढत जातो, आणि माणूस छान गुलाबी, शांत, झोपाळू दिसायला लागतो. नातेवाइकांना वाटतं आराम पडला. सकाळी डोकं ठणकणं, बोलता बोलता डुलकी, बरळणं, हात पुढे धरले की पंजे फडफडणं, ही त्याची लक्षणं. नॉब डॉक्टरांनी सांगितला तिथेच ठेवायचा, शेजारच्या काकांनी सांगितला म्हणून वाढवायचा नाही. दुसऱ्या टोकाला, ऑक्सिजन खरंच ८८ च्या खाली असेल तर कार्बन डायऑक्साइडच्या भीतीने तो द्यायचा टाळायचाही नाही. आणि हे आकडे सीओपीडीचे आहेत हं, फुफ्फुसं कडक होण्याचा आजार म्हणजे आयएलडी किंवा साधा दमा असेल तर हिशोब वेगळा, तुमच्या डॉक्टरांकडून तुमचा आकडा लिहून घ्या. टीबी होऊन गेल्यावर फुफ्फुसांवर डाग राहिलेल्यांनाही हा लेख बराचसा लागू पडतो, फक्त त्यांच्यात आठवडे लांबलेला खोकला, वजन उतरणं, रात्रीचा घाम दिसला तर "परत व्हायरल" म्हणून सोडू नका, बेडका तपासून घ्या.

१०८ कधी

एक वाक्य पुरं बोलता येत नाहीये. ओठ किंवा नखं निळसर. गोंधळल्यासारखं बोलतेय किंवा जागीच होत नाहीये. शांत बसूनही श्वास मिनिटाला तीसच्या आसपास. ऑक्सिजन ८८ च्या खाली आणि नेहमीचा आकडा त्याहून वर. छातीत दुखतंय. किंवा प्लॅनप्रमाणे रिलीव्हर देऊनही अर्ध्या-पाऊण तासात फरक नाही. एवढ्यातलं एकही असेल तर रिक्षा शोधत बसू नका, महाराष्ट्रात १०८ लावा. फोनवर आणि अ‍ॅम्ब्युलन्समध्ये पहिलं वाक्य: "सीओपीडीचा पेशंट आहे, ऑक्सिजन ८८ ते ९२ ठेवायला सांगितलाय." फ्रिजवरचा कागद, इनहेलर, जुने एबीजीचे (रक्तातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजायची तपासणी) रिपोर्ट, सगळं एका पिशवीत तयार असू द्या. आमची पिशवी दाराच्या मागे खिळ्याला असते, भाजीच्या पिशवीसारखी, एकदा बाबा तीच घेऊन मंडईत गेले होते.

छातीत घरघर वाजायची थांबली म्हणजे बरं झालं असं समजू नका. धाप तेवढीच आणि आवाज मात्र बंद, याचा अर्थ हवाच आत-बाहेर होत नाहीये.

उतरल्यानंतर

दम बसला तरी शक्ती परत यायला आठवडे लागतात, काहींची आधीची पातळी महिना-दीड महिन्यानेही येत नाही, आणि दर वेळी दम उठला की थोडं फुफ्फुस कायमचं जाऊ शकतं. एकदा उठला की लवकर परत उठायची शक्यताही जास्त. म्हणून डिस्चार्जनंतर चार आठवड्यांच्या आत डॉक्टरांना दाखवायचं, बरं वाटत असलं तरी, आणि त्यांच्यासमोर इनहेलर घेऊन दाखवायचा. या दिवसांत हार्ट अटॅकचा धोकाही वाढलेला असतो, तेव्हा छातीतलं दुखणं "खोकून खोकून दुखतंय" म्हणून झटकू नका.

आणि चालवायचं. पलंगावर ठेवून ठेवून मांड्यांचं मांस उतरतं, मग फुफ्फुस बरं असूनही बाथरूमपर्यंत धाप लागते. जवळ पल्मनरी रिहॅब, म्हणजे फुफ्फुसाच्या पेशंटना व्यायाम शिकवणारं केंद्र असेल तर उत्तम, नसेल तर घरातच. आईला पहिल्या आठवड्यात पलंग ते गॅलरी, दिवसातून चार वेळा, चंबू करून श्वास सोडत. दुसऱ्या आठवड्यात बाहेरचा पॅसेज. तिसऱ्यात जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत खाली, आणि तिथे आम्ही एक प्लास्टिकची खुर्ची ठेवलीय. सोसायटीत आधी कुरकुर झाली जिन्यात सामान ठेवता म्हणून, आता दुसऱ्या मजल्यावरचे आजोबाच तिथे पेपर वाचत बसलेले असतात, आईची चाहूल लागली की उठून जागा देतात आणि विचारतात, "आज किती आहे हो आकडा?"